नेलेला देह, दिलेला देह

वयोमानाने दृष्टी मंदावली, वर्तमानपत्राची अक्षरे पुसट दिसू लागली, की माणसाची करमणूक पुन्हा कानांकडे वळते. ज्यांचे तारुण्य आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकण्यात गेले, त्या पिढीला हे नवे नाही. आता नातवंडे मोबाइलवर जगभरातल्या श्रुतिका लावून देतात. त्यांपैकीच एका इंग्रजी श्रुतिकेच्या निमित्ताने आजचा विषय आपल्यापुढे मांडीत आहे. विषय थोडा गंभीर आहे. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी त्याला सामोरे जावयाचेच आहे, तेव्हा तो शांतपणे वाचावा, ही विनंती.

ब्रिटनमध्ये 1963 पासून ‘डॉक्टर हू’ नावाची विज्ञानमालिका दूरचित्रवाणीवर दाखविली जाते. तिचा नायक ‘डॉक्टर’ काळातून प्रवास करतो. आज भविष्यात, तर उद्या दोनशे वर्षे मागे. याच नायकाच्या कथांवर ‘बिग फिनिश’ ही संस्था श्रुतिका तयार करते. तिने 2004 साली ‘मेडिसिनल पर्पजेस’ ही श्रुतिका प्रसिद्ध केली. ‘औषधोपयोगासाठी’ असा त्या नावाचा अर्थ. तीत डॉक्टर आणि त्याची सहप्रवासी, इतिहासाची एक वयस्क प्राध्यापिका, स्कॉटलंडमधील एडिनबर्ग शहरात 1827 च्या सुमारास जाऊन पोहोचतात. तेथे त्यांची गाठ पडते ती वैद्यकीय शिक्षकाला मृतदेह विकणाऱ्या बर्क आणि हेअर या दोघांशी. जेमी नावाचा एक भोळा तरुणही त्यांना भेटतो. त्या जेमीचे पुढे काय होणार, हे इतिहासाला ठाऊक आहे.

काळयान, परग्रह वगैरे सारे काल्पनिक. बर्क, हेअर आणि जेमी मात्र खरोखरीच होऊन गेले. त्यांची कथा वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील एक काळे पान आहे, आणि आज भंडाऱ्यात बसून देहदानाविषयी विचार करणाऱ्या आजी-आजोबांशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

एडिनबर्गमध्ये काय घडले?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिनबर्ग हे वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र होते. मानवी शरीर उघडून पाहिल्याखेरीज शल्यचिकित्सा शिकता येत नाही, हे तेव्हा सर्वमान्य झाले होते. मात्र 1752 च्या कायद्यानुसार विच्छेदनासाठी मुख्यत्वे फाशी दिलेल्या खुन्यांचेच देह मिळत. विद्यार्थी शेकड्यांनी वाढले आणि देह मोजकेच राहिले. साहजिकच चोरटा बाजार उभा राहिला. रात्री दफनभूमीत शिरून नुकतेच पुरलेले प्रेत उकरून काढायचे आणि पहाटेपूर्वी शिक्षकाच्या दारी पोहोचवायचे, हा काही टोळ्यांचा धंदाच झाला. त्या वेळच्या कायद्यात प्रेत ही कोणाची मालमत्ता मानली जात नसल्यामुळे प्रेत नेणे ही चोरी ठरत नसे. प्रेतावरचे वस्त्र नेले तर मात्र ती चोरी! त्यामुळे हे लोक कफन काळजीपूर्वक मागे ठेवून जात. नातेवाईक थडग्यांवर लोखंडी पिंजरे बसवीत, दफनभूमीत पहाऱ्याचे मनोरे बांधीत आणि देह कुजून निरुपयोगी होईपर्यंत रात्री जागून काढीत.

बर्क आणि हेअर हे याच्याही पुढे गेले. त्यांनी एकही थडगे उकरले नाही. नोव्हेंबर 1827 मध्ये हेअरच्या भाडोत्री खोल्यांत राहणारा डोनाल्ड नावाचा एक म्हातारा सैनिक आजारपणाने वारला. त्याच्याकडे चार पौंड भाडे थकले होते. ते वसूल करण्यासाठी या दोघांनी शवपेटीत कातडी कमावण्याची साल भरली, ती पुरू दिली, आणि म्हाताऱ्याचा देह डॉ. रॉबर्ट नॉक्स या नामांकित शिक्षकाच्या विच्छेदनगृहात साडेसात पौंडांना विकला. कोणी काही विचारले नाही. मग पुढच्या सुमारे दहा महिन्यांत त्यांनी सोळा माणसे मारली आणि त्यांचे देह हिवाळ्यात दहा पौंड, उन्हाळ्यात आठ पौंड, अशा दराने विकले.

ही सोळा माणसे कोण होती, इकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. गिलमर्टन गावाहून शहरात आलेली, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर आणि मीठ विकून गुजराण करणारी वृद्धा ॲबिगेल सिम्पसन त्यांत होती. आजारी पडलेले भाडेकरू होते. अठरा वर्षांचा, बुद्धीने थोडा मागे राहिलेला, अनवाणी फिरणारा जेम्स विल्सन, म्हणजेच श्रुतिकेतला जेमी, होता. त्याची आई त्याला शहरभर शोधीत होती. शेवटचा बळी 31 ऑक्टोबर 1828 रोजी गेला. ती मार्गरेट डोकर्टी नावाची परक्या गावी आलेली आयरिश स्त्री होती. दुकानात तिची गाठ पडताच बर्कने ‘माझी आईही डोकर्टीच’ असे सांगून नाते जोडले आणि तिला घरी नेले.

या साऱ्यांमध्ये साम्य एकच होते. ती नाहीशी झाली तर विचारणारे कोणी नाही, किंवा विचारणाऱ्याचे कोणी ऐकणार नाही, असे मारेकऱ्यांना वाटत होते.

अखेर त्याच घरात उतरलेल्या ग्रे नावाच्या गरीब पतिपत्नींना गवताखाली डोकर्टीबाईंचा देह दिसला. गप्प राहण्यासाठी त्यांना आठवड्याला दहा पौंडांचे आमिष दाखविण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि पोलिसांना वर्दी दिली. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला 28 जानेवारी 1829 रोजी फाशी झाली, त्याच्या देहाचे जाहीर विच्छेदन झाले, आणि त्याचा सांगाडा आजही एडिनबर्ग विद्यापीठाच्या शरीररचना संग्रहालयात आहे. डॉ. नॉक्सवर खटला झाला नाही. त्यांच्या वर्गात चारशेहून अधिक विद्यार्थी शिकत होते. त्यांतले कितीतरी पुढे चांगले शल्यचिकित्सक झाले असतील. म्हणूनच ‘औषधोपयोगासाठी’ हे त्या श्रुतिकेचे नाव कानाला टोचते. उपयोग झाला, हे खरे. पण म्हणून केलेले योग्य ठरते काय?

कायदा आला, प्रश्न उरला

या प्रकरणानंतर ब्रिटिश संसदेने 1832 साली ‘ॲनाटॉमी ॲक्ट’ संमत केला. त्यामुळे प्रेतांची चोरटी विक्री थांबली. परंतु देह कोठून आणायचे, तर अनाथालये, दरिद्रालये आणि रुग्णालये येथे मरण पावलेल्या बेवारस गरिबांचे. म्हणजे खून थांबले. पण ज्याला कोणी नाही त्याचाच देह टेबलावर जायचा, हे मात्र बदलले नाही. त्यालाही कोणी जिवंतपणी विचारले नव्हते.

त्याच वर्षी, कायदा संमत होण्याच्या काही आठवडे आधी, जेरेमी बेंथम हे तत्त्वचिंतक लंडनमध्ये वारले. आपला देह विद्यार्थ्यांसमोर उघडला जावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, आणि त्यांच्या वैद्यक-मित्राने तसे केले. त्यांचा सांगाडा त्यांच्याच कपड्यांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आजही बसविलेला आहे. विच्छेदन म्हणजे खुन्याला मिळणारी शिक्षा, अशी समजूत असलेल्या समाजात एका प्रतिष्ठित माणसाने ते स्वतःसाठी मागून घेतले.

आपल्या देशातही या ज्ञानाची परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात विद्यार्थ्याने प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात, गवताने वेढून सात रात्री ठेवावे आणि मग वाळ्याच्या वगैरे कुंचल्याने हळूहळू त्वचा खरवडीत आतील प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहावा, असे सांगितले आहे. मध्यंतरी ही परंपरा लोपली. 1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी रूढी बाजूस सारून विच्छेदन केले. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. पुढे समाजसुधारक आणि संशोधक म्हणून नावारूपास आलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे तेथील पहिल्या पदवीधरांपैकी एक. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात या तरुणांनी मृतदेहाला हात लावण्याचे धैर्य दाखविले, म्हणून आपल्याकडे आधुनिक वैद्यक रुजले.

पण आपलेही काळे पान आहेच. एकेकाळी जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी ज्या मानवी हाडांवर शिकत, त्यांतील फार मोठा वाटा भारतातून, विशेषतः कलकत्त्याहून, जात असे. ती हाडे बहुतांशी गरिबांची होती, आणि त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. 1985 साली भारत सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली.

महाराष्ट्रात 1949 चा ‘ॲनाटॉमी ॲक्ट’ लागू आहे. बेवारस मृतदेह शिक्षणासाठी वैद्यकीय संस्थेला देण्याची तरतूद त्यात आहे. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा आम्हांला टेबलाचा क्रमांक मिळत असे. त्या टेबलावरील माणसाचे नाव, गाव काही ठाऊक नसे. ज्याच्या शरीरातून मी हृदय, फुप्फुस, मज्जातंतू शिकलो, त्या माझ्या पहिल्या गुरूला ‘तुमची हरकत नाही ना?’ असे कोणी विचारले होते काय, हे मला आजतागायत माहीत नाही.

देहदानाचे महत्त्व येथे आहे. एडिनबर्गचे टेबल आणि आजच्या दात्याचे टेबल वरून सारखेच दिसते. दोहोंवर निष्प्राण शरीर असते आणि दोहोंभोवती विद्यार्थी उभे असतात. फरक त्या माणसाच्या हयातीत पडलेला असतो. एकाचा देह नेला गेला; दुसऱ्याने विचार करून, सही करून तो दिला. आपल्याकडे दधीची ऋषींची कथा लहान मुलालाही माहीत असते. वृत्रासुराच्या वधासाठी देवांना त्यांच्या अस्थी हव्या होत्या. देवांनी त्या पळविल्या नाहीत. दारी येऊन मागितल्या, आणि ऋषींनी दिल्या.

याच नावाच्या दिल्लीतील देहदान समितीकडे नानाजी देशमुख यांनी आपला देह सुपूर्द करण्याची इच्छा नोंदविली होती. नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे. 27 फेब्रुवारी 2010 रोजी चित्रकूट येथे, वयाच्या 93 व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचा देह दिल्लीच्या एम्स संस्थेकडे देण्यात आला. त्याच वर्षी जानेवारीत पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा देह कोलकात्याच्या वैद्यकीय संस्थेला दिला गेला होता. राजकीय विचारांनी दोन टोकांना असलेल्या या दोघा वृद्धांचे शेवटच्या निर्णयात एकमत झाले होते.

भंडाऱ्यात हा प्रश्न आताच का?

पूर्वी आपल्या जिल्ह्यातून देहदान करावयाचे तर नागपूर गाठावे लागे. पुढे शेजारच्या गोंदियातही शासकीय महाविद्यालय झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला, त्यांत भंडाऱ्याचेही नाव आहे. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर येथे उद्या जे डॉक्टर येतील, त्यांतले काही येथेच शिकणार आहेत. त्यांना मानवी देह लागणार आहेत. ते कोठून यावेत? रेल्वे स्थानकावर किंवा रुग्णालयात एकाकी वारलेल्या, ओळख न पटलेल्या माणसाचेच येत राहावेत, की समजून-उमजून देणाऱ्यांचे यावेत, हे काही अंशी आपल्या हाती आहे.

‘हे म्हातारे, झिजलेले शरीर कोणाच्या काय उपयोगाचे?’ असे अनेक ज्येष्ठ मला विचारतात. उत्तर असे की, ते फार उपयोगाचे आहे. डॉक्टरकडे येणाऱ्या रुग्णांत वृद्धांची संख्या मोठी असते. झिजलेला खुबा, कडक झालेली रोहिणी, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, वाकलेला कणा हे सारे विद्यार्थ्याने हातांनी अनुभवले पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर शरीर फिरवून दाखविणारी साधने आता आली आहेत आणि ती उपयुक्तही आहेत. पण पडद्यावरचे शरीर सर्वांना सारखेच दिसते. खरी शरीरे सारखी नसतात. एखाद्याची रोहिणी पुस्तकात लिहिलेल्या जागेहून वेगळ्या ठिकाणी फुटते, आणि हे ठाऊक नसलेल्या शल्यचिकित्सकाच्या हातून अपघात होतो. आपल्याला कमरेखाली इंजेक्शन देताना परिचारिका कुल्ल्याचा वरचा, बाहेरचा भागच का निवडते? आतल्या बाजूने पायाची मोठी नस जाते म्हणून. कोणीतरी कधीतरी मृतदेहात ती नस शोधून दाखविली, म्हणून आपला पाय सुरक्षित राहतो.

आधी घरात बोला

देहदानाचा अर्ज भरणे सोपे आहे. घरच्यांशी बोलणे अवघड असते. तरी क्रम तोच ठेवावा. अर्ज आपण भरला, तरी मृत्यूनंतर महाविद्यालयाला दूरध्वनी करणारे आणि देह सुपूर्द करणारे आपले वारसच असतात. त्यांना माहीत नसेल किंवा त्यांचे मन तयार नसेल, तर कपाटातला कागद कपाटातच राहतो. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला आणि सोबत सून, असे अनेक घरांचे चित्र आहे. त्या सर्वांना एकत्र सांगावे. ‘लोक काय म्हणतील’ हा भार एकट्या सुनेवर किंवा धाकट्या मुलावर पडू नये, यासाठी हयातीतच चारचौघांत बोलून ठेवलेले बरे.

धार्मिक विधींचा प्रश्न हमखास निघतो. देह सोपविण्यापूर्वी घरी अंत्यदर्शन, पूजा, प्रार्थना किंवा वंदना करता येते. दहावे, तेरवी, पुण्यानुमोदन हे आपापल्या रिवाजाप्रमाणे करण्यास कोणतीही आडकाठी नाही. वैनगंगेत विसर्जन करण्यासाठी अस्थी मात्र लगेच हाती येत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. अभ्यास संपल्यावर अवशेषांचे अंत्यसंस्कार कसे होतात, हे महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागाला अर्ज भरतानाच विचारावे. असे विचारण्यात संकोच नको. तो आपला अधिकार आहे.

व्यवहाराच्या गोष्टी

अर्ज शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. प्रत्येक महाविद्यालयाचा नमुना थोडा निराळा असतो. सर्वसाधारणपणे छायाचित्र, आधार कार्डाची प्रत, जवळच्या नातेवाइकाची संमती आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणीनंतर मिळणारे कार्ड किंवा प्रत देव्हाऱ्याजवळ, औषधांच्या डब्यात, जेथे चटकन सापडेल तेथे ठेवावी. विभागाचा क्रमांक शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. रात्री किंवा सुटीच्या दिवशी कोणाला कळवायचे आणि वाहन कोण आणणार, हेही तेव्हाच विचारून लिहून घ्यावे.

देहदानात पैशाची देवघेव नसते. देह देणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, आणि देह स्वीकारण्यासाठी कोणी शुल्क मागत असेल तर थांबून चौकशी करावी. देहाला दर लागला की काय होते, हे आपण वर वाचलेच आहे.

मृत्यू घरी झाला, तर प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलावून मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे. त्याशिवाय देह स्वीकारला जात नाही. त्याच वेळी महाविद्यालयाला कळवावे. आपल्याकडे मे महिन्यातल्या उन्हात देह फार लवकर खराब होतो, म्हणून दूरगावच्या नातेवाइकांची वाट पाहत दिवसभर थांबणे शक्य नसते. थंड खोली, बर्फ किंवा शीतपेटीची सोय करावी. नेत्रदानाचीही इच्छा असेल, तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढले जावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. नेत्रदान केल्यावरही देहदान सहसा करता येते. शवचिकित्सा झाली असेल, तर मात्र देह बहुधा स्वीकारला जात नाही.

आणखीही काही कारणांनी महाविद्यालय नकार देऊ शकते. एचआयव्ही किंवा कावीळ ब व क यांचा संसर्ग, सक्रिय क्षयरोग, शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग, मोठ्या चिघळलेल्या जखमा किंवा अपघाती व संशयास्पद मृत्यू ही त्यांपैकी प्रमुख. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि कायद्यासाठी हे नियम आहेत. त्यात आपला अपमान मानू नये. तसे झाले तर काय करायचे, याचीही इच्छा सांगून ठेवावी.

देहदान केले, तरी मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत 21 दिवसांच्या आत करावयाचीच असते. निवृत्तिवेतन, बँक, सातबारा या सर्वांसाठी तो दाखला लागतो. धावपळीत हे राहून जाते.

आणि मन बदलले तर? खुशाल बदलावे. तसे घरच्यांना व महाविद्यालयाला कळवावे, म्हणजे झाले. नकार देण्याची मुभा नसेल, तर ते दान कसले?

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

घरात स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती असेल, तर तिच्याकडून देहदानाच्या अर्जावर अंगठा घेऊ नका. आपला हेतू कितीही चांगला असो, ज्याला कागदावर काय लिहिले आहे हे कळत नाही त्याचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. त्या व्यक्तीने पूर्वी, बुद्धी शाबूत असताना, काय म्हटले होते ते आठवावे, भावंडांना विचारावे, जुने कागद पाहावेत. काहीच सापडले नाही, तर घराच्या रिवाजाप्रमाणे अंत्यसंस्कार करावेत.

ज्येष्ठांवर आग्रहही नको. ‘बाबा, शेजारच्या काकांनी फॉर्म भरला, तुम्ही कधी भरता?’ या प्रश्नात नकळत दडपण असते. ज्याला आपला देह अग्नीला किंवा मातीला द्यावासा वाटतो, त्याची इच्छाही तेवढीच आदरणीय आहे. आपले काम विचारण्याचे, उत्तर त्यांचे.

ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी

दवाखान्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धा कधी कधी हळूच विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, मी गेल्यावर मला बेवारस म्हणून तर नेणार नाहीत ना?’ या प्रश्नातली भीती डोकर्टीबाईंच्या काळाइतकीच जुनी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. त्यांना मी काही साध्या गोष्टी सांगतो. बटव्यात किंवा खिशात आपले नाव, गाव आणि दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी नेहमी ठेवा. प्रवासात तर नक्कीच. भाचा, मानलेली मुलगी, शेजारी, ज्यावर आपला विश्वास आहे अशा एका माणसाला आपली शेवटची इच्छा सांगा, ती साध्या कागदावर लिहून सही करा, दोघांच्या साक्षी घ्या आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवा. शक्य असेल तर आशाताई, सरपंच किंवा आपले डॉक्टर यांपैकी कोणाला तरी हे माहीत असू द्या.

शेजाऱ्यांनाही एक विनंती. आपल्या गल्लीतल्या एकट्या म्हातारीचे दार सकाळी उघडले की नाही, एवढे पाहावे. एडिनबर्गच्या त्या घरात शेवटी सत्य बाहेर आले ते एका गरीब जोडप्यामुळे. एक बाई काल येथे होती, आज दिसत नाही, एवढे त्यांच्या लक्षात आले, आणि दहा पौंडांसाठी ते गप्प बसले नाहीत.

श्रुतिकेतल्या कालप्रवाशांप्रमाणे मागे जाऊन जेमीला किंवा डोकर्टीबाईंना विचारणे आपल्याला शक्य नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणे मात्र आज शक्य आहे. या पंधरवड्यात एखाद्या संध्याकाळी, चहा झाल्यावर, दूरचित्रवाणी बंद करून विचारा, ‘तुमच्यामागे तुमचे कसे करावे, असे तुम्हांला वाटते?’ आणि ज्येष्ठांनो, मुले विचारीत नसतील तर आपणच विषय काढा. उत्तर देहदान असो, दहन असो वा दफन. ते आपण दिलेले असावे आणि घरात सर्वांनी ऐकलेले असावे. जमल्यास त्याच रात्री ते वहीत लिहून, खाली तारीख घालून सही करावी.